जाडीचे हिवाळी टायर

टायर या विषयात जर्मनीतल्या अख्ख्या लेम्गो गावात आपल्याइतकं कुणालाच कळत नाही, असं योर्दिसनं सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, आणि पुरावा म्हणून फ्रीजरमधून आईची रबरी चप्पल काढून टेबलावर आपटली.

ठाण्! बटाट्याच्या सॅलडचं भांडं वीतभर उडालं.

"ही माझी तळ्यावरची चप्पल आहे," आई म्हणाली. "आणि ती वाटाण्यांच्या पिशवीवर ठेवली होतीस?"

"चप्पल विसर, आई! हा उन्हाळी टायर आहे असं समज. थंडीत रबराचं असं लाकूड होतं. आता हे लाकूड बर्फावर ठेव आणि त्याच्यावर आपली जाडी ठेव. काय होईल?"

"माझी चप्पल तुटेल."

योर्दिसनं डोळे फिरवले. सोळाव्या वर्षी माणसाला सगळं कळायला लागतं आणि नेमकं त्याच वेळी आईवडिलांना काहीच कळेनासं होतं, हे तिच्या लक्षात आलं होतं. बिचारे! एकेकाळी बरे होते.

जाडी म्हणजे त्यांची मोटारहोम, चाकांवरचं घर. एप्रिलमध्ये बाबांनी ती जुनी विकत घेतली. पांढरी, फुगीर, मागून बघितली तर फ्रीजला चाकं फुटल्यासारखी. तेव्हा बाबा काय म्हणाले होते, ते योर्दिसला शब्दन् शब्द आठवत होतं. "हिवाळ्यात पत्र्याच्या डब्यात झोपायला जाणारी माणसं लहानपणी डोक्यावर पडलेली असतात! आपण आपली उन्हाळी माणसं." मग त्यांनी आईला नोंदणीच्या कचेरीत पिटाळलं, आई नंबराची पाटी घेऊन आली, बाबांनी ती ठोकली आणि विषय मिटला.

पण ऑगस्टमध्ये तळ्याकाठच्या कॅम्पिंगला योर्दिसला थेक्ला भेटली. थेक्ला तिकडची, पार दक्षिणेची, आल्गॉयच्या डोंगरातली. तिच्या गावात वर्ष संपायच्या आदल्या दिवशी घसरगाड्यांची शर्यत होते. जुनी लाकडी घसरगाडी, पुढे बैलाच्या शिंगांसारखे दोन दांडे, आणि वर दोन माणसं. पुढचा दांडे धरून वळवतो, मागचा किंचाळतो. थेक्लाला पुढच्या माणसाची गरज होती.

"तू आलीस तर आपण जिंकू," थेक्ला म्हणाली. "नाही आलीस तर मला चुलतभावाला घ्यावं लागेल. तो वळणावर डोळे मिटतो!"

"मी येणार!" योर्दिसनं छातीवर हात मारला. "शब्द!"

आपल्या लिप्पे जिल्ह्यात डोंगर म्हणून जे काही आहे, त्याच्यावरून चेंडूसुद्धा विचार करून घरंगळतो, ही गोष्ट तिनं थेक्लाला सांगितली नाही.

बाबा एका उन्हाळ्यात पार बाटले होते. आता ते सकाळी ब्रेड आणायला जाताना समोरून मोटारहोम आली की ओळख नसताना हात वर करत. हिवाळ्यात डोंगरात जायचं म्हटल्यावर ते अर्ध्या मिनिटात तयार झाले. लगेच जागासुद्धा राखून ठेवली. अडलं फक्त टायरांपाशी.

"बारमाही घेऊ," बाबा म्हणाले. "एकदा बसवले की झालं! उन्हाळा तेच, हिवाळा तेच. वर्षातून दोनदा कोण बदलत बसणार?"

बाबा अस्सल लिप्पेचे. चहाच्या एका पुडीत चार पाहुणे काढून पुडी वाळत घालणारे!

"बारमाही?" योर्दिस असं म्हणाली, की सॅलडला फोडणी बसावी. "बाबा, बारमाही टायर म्हणजे तुमचा तो करडा कोट. लग्नालाही चालतो, मयतीलाही चालतो, आणि दोन्हीकडे लोक हळहळतात!"

"त्या कोटाला काय झालं?"

"ट्रेननं जाऊ या का आपण?" आई म्हणाली.

आईकडे कुणी लक्ष दिलं नाही. योर्दिसनं शेवटचा पत्ता टाकला.

"हेर क्लोकेंनी बारमाहीच बसवलेत," ती सहज म्हणाल्यासारखं म्हणाली.

बाबांचा काटा हवेत थांबला. "क्लोकेनं?"

हेर क्लोके, म्हणजे क्लोकेसाहेब, शेजारचे. निवृत्त दंतवैद्य. त्यांच्याकडेही मोटारहोम होती, बाबांच्या आधी दहा वर्षांपासून, आणि दोघांच्या मधे कुंपणाची झुडपं होती, ज्यांची उंची किती असावी यावर बाबा आणि हेर क्लोके योर्दिसच्या जन्माआधीपासून अतिशय नम्रपणे भांडत होते.

"हिवाळीच घेऊ," बाबा म्हणाले.

तेव्हापासून योर्दिस कुणाला आवरेना. खिशात एक युरोचं नाणं ठेवून ती गल्लीभर हिंडू लागली. टायराच्या खाचेत नाणं उभं घालायचं. त्याची सोनेरी कड बुडाली तर टायर जगायला लायक, दिसली तर संपला! पोस्टमनची गाडी नापास. पाद्रीबाईंची जेमतेम पास. एका रविवारी ती हेर क्लोकेंच्या मोटारहोमशेजारी गुडघ्यांवर बसली असताना वरून आवाज आला.

"काही किडलंय का?"

हेर क्लोके हातात कॉफीचा मग घेऊन उभे होते.

"खोली बरी आहे," योर्दिस उठत म्हणाली. ती कधीच ओशाळत नसे. तो प्रकार तिनं नववीतच सोडला होता. "पण शेवटी बारमाहीच ना, हेर क्लोके!"

"बाजूला बघ. डोंगर आणि त्यात हिमाचा कण. कायद्याला जे चिन्ह लागतं, ते आहे की."

"चिन्ह आहे," योर्दिस म्हणाली, "पण मनापासून नाही!"

हेर क्लोकेंनी कॉफीचा घोट घेतला आणि तो बराच वेळ गिळला नाही. या मुलीचा पहिला दुधाचा दात त्यांनीच काढला होता. तेव्हा ती चावली होती.

ऑक्टोबर संपता संपता बाबा आणि योर्दिस जाडीला घेऊन टायरवाल्याकडे गेले. तिथे अर्धा जिल्हा रांगेत उभा होता. टायरवाल्याच्या डोळ्यांखाली टायरासारखीच वर्तुळं होती.

"लेम्गोत राहता ना? मग बारमाही पुरतील," तो म्हणाला. "आपल्याकडे बर्फ पडतो तो पाहुण्यासारखा. बूट काढायच्या आत निघतो."

मग योर्दिस बोलली. तिनं मऊ रबर सांगितलं, बारीक चिरा सांगितल्या, आल्गॉयपलीकडच्या ऑस्ट्रियाच्या हद्दीतले नियम सांगितले आणि आईच्या चपलेची हकिगत सांगितली. रांगेतले दोघे शांतपणे दुसऱ्या दुकानात गेले.

"तिनं अभ्यास केलाय," बाबा अभिमानानं म्हणाले.

"दिसतंय," टायरवाला म्हणाला. "पण हिवाळ्यात गाडी खरंच बाहेर काढणार आहात ना? लोक घेतात आणि मग अंगणात उभी करतात."

"मग काय काचेच्या कपाटात ठेवू?" बाबा असे हसले, की जाडीसुद्धा हलली.

नवे टायर बसले. काळेकुळकुळीत, नव्या रबराचा वास येणारे, दातेरी! जाडीच्या काढलेल्या उन्हाळी टायरांवर खडूनं डावा-उजवा लिहून टायरवाल्यानं ते त्याच्या गोदामात ठेवले. त्या गोदामाला सगळे हॉटेल म्हणतात.

"म्हणजे सुट्टीत आपण डब्यात झोपणार आणि टायर हॉटेलात!" बाबा म्हणाले. हा विनोद त्यांनी नंतर ऑफिसात, बेकरीत आणि एका अंत्ययात्रेतही सांगितला. करडा कोट घालून.

जाडी अंगणात येऊन उभी राहिली, तसे हेर क्लोके पालापाचोळा ओढायचं दाताळं घेऊन कुंपणाशी आले. त्यांनी टायर बघितले. मग जाडीच्या तोंडाकडे बघितलं. मग परत टायर बघितले.

"सुंदर टायर," ते म्हणाले. "पण उल्फ, हिवाळ्यात ही गाडी तुम्ही..."

"हिवाळ्यासाठीच तर, क्लोके!" बाबा गरजले. "खास हिवाळ्यासाठी! बारा महिने एकच जोडा घालणाऱ्यांना नाही कळायचं ते!"

"तसं नाही. मी म्हणत होतो, की..."

"तुमचे बारमाही बरे आहेत हो," योर्दिस त्यांची समजूत घालत म्हणाली. "बाजाराला वगैरे जायला."

नोव्हेंबरात हेर क्लोकेंनी पुन्हा प्रयत्न केला. योर्दिस शाळेतून येत होती, त्यांनी फाटकाशी तिला गाठलं.

"योर्दिस, जायच्या आधी बाबांना म्हणावं, एकदा नोंदणीच्या कचेरीत जाऊन..."

"टायर बदलले म्हणून कचेरीत जावं लागत नाही, हेर क्लोके!" योर्दिसला त्यांची खरोखर कीव आली. दहा वर्षं मोटारहोम चालवतात आणि एवढंही माहीत नाही! "त्याच मापाचे आहेत. शेंबड्या पोरालाही माहितीये हे!"

"मापाचं नाही गं..."

"तुम्ही काळजी करू नका. तुम्हीही आल्गॉयलाच जाता ना? चढावर अडकलात तर नुसता हॉर्न वाजवा. आम्ही ओढू तुम्हाला!"

आणि ते नुसतं बोलून ती थांबली असती, तर निदान पुढचं थोडं कमी झोंबलं असतं. पण सहा डिसेंबर आला, पोरांना बुटांत खाऊ मिळायचा सण. गल्लीतल्या पोरांनी आदल्या रात्री दाराबाहेर बूट ठेवले, सकाळी त्यांत संत्री आणि चॉकलेटं निघाली. हेर क्लोकेंच्या दाराबाहेरही त्यांचे बागेतले रबरी बूट नेहमीसारखे उभे होते. सकाळी त्यांतल्या डाव्या बुटात गाडी ओढायचा जाडजूड दोर निघाला. लाल फीत बांधलेला. बरोबर चिठ्ठी: 'बारमाही शुभेच्छा!'

हेर क्लोके दोर हातात धरून कुंपणापाशी आले. योर्दिस खिडकीत वाटच बघत होती.

"आभारी आहे," ते म्हणाले. "आता मी काही बोलणार नाही."

"हरकत नाही!" योर्दिस उदारपणे ओरडली. जिंकलेल्या माणसानं मोठ्या मनानं वागावं.

नाताळ झाला. भाजलेलं बदक संपलं, लाल कोबी उरला. निघायच्या आदल्या दुपारी योर्दिसनं थेक्लाला फोटो पाठवायचा म्हणून जाडीला आंघोळ घातली. जुना दात घासायचा ब्रश घेऊन तिनं पुढची पाटी घासली. प्रत्येक अक्षर, प्रत्येक आकडा, उजव्या कडेला एकाखाली एक दडलेले ते दोन चिमुकले आकडेसुद्धा. वर चार, खाली दहा. चकाचक! मग फोटो काढला तो अर्थातच टायराचा.

'उद्या येतोय,' तिनं लिहिलं. 'शिंगं तयार ठेव!'

थेक्लाचं उत्तर आलं. 'चुलतभावाला सांगून टाकलं की आता तो नको. तो आनंदानं रडला.'

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर बर्फ वगैरे काही नव्हता. लिप्पेचा नेहमीचा हिवाळा: करडं आभाळ, बारीक झिमझिम, आणि रस्ता असा ओला की बदकांनी पाय पुसून जावं. बाबांनी गाडी सुरू केली. आई पुढे बसली. योर्दिस मागच्या बाकावर नकाशा घेऊन. शेजारच्या अंगणात हेर क्लोके आणि त्यांच्या बायको फ्राउ क्लोकेही सामान भरत होते.

"आमच्या मागे मागे या!" बाबांनी काच खाली करून हाक दिली. "आमच्या चाकांच्या रेघा पडतील ना, त्यांच्यात राहा!"

हेर क्लोकेंनी हातातली पेटी खाली ठेवली. शांतपणे चालत आले आणि जाडीच्या समोर उभे राहिले. अगदी मधोमध.

"बाजूला व्हा, हेर क्लोके!" योर्दिस ओरडली. "ब्रेक चांगले आहेत, पण परीक्षा कशाला?"

हेर क्लोके वाकले. उजव्या हाताच्या बोटानं त्यांनी पाटीच्या कडेवर टकटक केलं. अगदी दवाखान्यात करत तसं.

"इथं दुखतंय का?"

बाबा खाली उतरले. आई उतरली. योर्दिस उतरली. चौघं पाटीसमोर उभी राहिली.

वर चार. खाली दहा.

एप्रिल ते ऑक्टोबर!

आता हे जर्मनीत कुणाला ठाऊक नसतं? गल्लीतल्या बालवाडीच्या पोराला विचारा. पाटीवर महिने लिहिलेले असले की गाडी तेवढेच महिने रस्त्यावर. बाकीचे महिने तिनं अंगणात झोपायचं. तेवढ्याचाच कर, तेवढ्याचाच विमा. लिप्पेच्या माणसाला याहून गोड काय असणार? आणि जाडी नोव्हेंबरापासून झोपेत होती. तिला मोजे घालून, हातमोजे घालून, कानटोपी घालून बाहेर काढायला निघालेली ही माणसं तिला उठवायचंच विसरली होती!

"मारैके," बाबा आईला अतिशय हळू म्हणाले, "ही असली पाटी तू का आणलीस?"

"कारण तू म्हणालास, आपण उन्हाळी माणसं."

"पण मग मला नंतर आठवण करायची ना!"

"मला वाटलं, तुम्ही ती केव्हाच बदलून घेतली असेल. तीन महिने घरात दुसरा विषय नाही. माझी चप्पल फ्रीजरमध्ये गेली. एवढा अभ्यास करणारी माणसं पाटी बघणार नाहीत, असं माझ्या कसं मनात येईल?"

बाबांनी योर्दिसकडे बघितलं. योर्दिसनं पाटीकडे बघितलं. पाटी इतकी लखलखीत होती की तिच्यात तिचं स्वतःचं तोंड दिसत होतं. उघडं.

"कचेरी!" ती एकदम ओरडली. "आत्ता जाऊन बदलून आणू! बाबा, चला!"

"नाताळ ते नवं वर्ष बंद," हेर क्लोके म्हणाले. "म्हणून तर मी नोव्हेंबरात म्हणत होतो."

"ओढून? ओढून नेली तर?"

"दोर आहे माझ्याकडे," हेर क्लोके म्हणाले. "नवाकोरा. लाल फितीसकट. पण ओढूनसुद्धा नाही चालायचं."

"मग तुम्ही नीट सांगितलं का नाहीत?" योर्दिसचा आवाज फाटला.

"मी चाळीस वर्षं लोकांना तोंड उघडा म्हणून सांगितलं, योर्दिस. तुझ्यासमोर मात्र मला माझंच उघडायला मिळालं नाही."

 योर्दिसला एकदम थेक्ला दिसली. शर्यतीच्या रेघेवर, दोन शिंगांच्या गाडीवर मागे एकटी बसलेली. पुढची जागा रिकामी, आणि चुलतभाऊ आनंदानं घरी गेलेला. शब्द दिला होता! छातीवर हात मारून! ट्रेनचं बघायला तिनं घाईघाईनं फोन काढला. सणाच्या गर्दीत सगळ्या गाड्या भरलेल्या. तिला रडू यायला लागलं. हा प्रकारही तिनं नववीतच सोडला होता, पण तो परत आला.

बाबा मात्र जाडीत चढले, दार लावून घेतलं आणि आतली शेगडी पेटवली.

"काय करतोयस?" आईनं काच ठोठावली.

"कॅम्पिंग!" आतून आवाज आला. "अंगणात करायला पाटी लागत नाही!"

"हिवाळ्यात पत्र्याच्या डब्यात झोपणारी माणसं," आई पावसाला उद्देशून म्हणाली, "लहानपणी..." आणि वाक्य अर्धं सोडून ती त्यांच्यासाठी कोबी गरम करायला घरात गेली.

तेवढ्यात शेजारच्या मोटारहोमची काच खाली आली. फ्राउ क्लोके विणकाम मांडीवर ठेवून म्हणाल्या, "अहो, किती छळाल पोरीला? सांगा ना."

हेर क्लोकेंनी खाकरून घसा साफ केला.

"मागे एक जागा आहे," ते म्हणाले. "पट्ट्यासकट. तुझं ते गाव आमच्या वाटेवरच आहे, आणि परत येताना उचलू. पण आमचे आपले बारमाही. बाजाराला वगैरे जायचे."

योर्दिसनं आवंढा गिळला. मोठा होता तो, डिसेंबरभराचा होता.

"चालतील," ती म्हणाली.

"आणि एक अट. पोचेपर्यंत टायर हा शब्द काढायचा नाही. उतरल्यावरही, मला ऐकू येईल तोवर नाही."

"मुळीच नाही!"

आईनं होकार दिला, बॅग या गाडीतून त्या गाडीत गेली, आणि जाडीच्या खिडकीतून बाबांनी निरोपाचा हात हलवला. त्यांच्या हातात गरम कोबीची ताटली होती आणि चेहरा चुकीच्या पत्त्यावर आलेल्या पार्सलसारखा.

लेम्गो ते आल्गॉय. वाट केवढी, आणि योर्दिसचं तोंड बंद! टायर हा शब्द जिभेवर आला की ती फ्राउ क्लोकेंच्या डब्यातलं आल्याचं बिस्कीट तोंडात कोंबायची. वाटेतलं उल्म शहर यायच्या आत डबा रिकामा झाला. पुढे बर्फ सुरू झाला. साधासुधा नव्हे, उशा फोडल्यासारखा! शेवटचा चढ आला तेव्हा तर तिनं दोन्ही हातांनी बाक धरला आणि डोळे मिटले, अगदी त्या चुलतभावासारखे. बारमाही टायर किर्र किर्र करत, कुठे न घसरता, सावकाश, म्हातारीनं जिना चढावा तसे वर चढले. वळणावर एक चकचकीत मोटार नाक खुपसून खड्ड्यात बसली होती. खरेखुरे हिवाळी टायर, नवे, महागातले. योर्दिसनं एका नजरेत ओळखले. हेर क्लोके आरशातून तिच्याकडे बघत होते.

"काही म्हणालीस?"

योर्दिसनं बिस्किटाच्या डब्यातला चुरा तोंडात टाकला.

गावात शिरल्या शिरल्या थेक्ला बर्फातून उड्या मारत आली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, किंचाळल्या, पडल्या, उठल्या. शर्यत दुसऱ्या दिवशी होती. शिंगं तेल लावून तयार होती. सगळं वेळेत झालं होतं!

"पण हे काय? जाडी कुठाय?" थेक्ला त्या परक्या गाडीकडे बघत म्हणाली. मग तिची नजर खाली चाकांकडे गेली. "आणि तीन महिने मला दुसरं काही लिहिलं नाहीस, सांग तर खरी! शेवटी आलात कसल्या टायरांवर?"

हेर क्लोके दोन पावलांवर उभे राहून चष्म्यावरचा बर्फ पुसत होते. अगदी सावकाश. कान इकडेच.

योर्दिसनं आभाळाकडे बघितलं.

"गोल," ती म्हणाली.